राखेच्या बुधवारची पहिली वाटी

चांगुणाबाई त्रिभुवनच्या उपवासाने दुपार कधी पाहिली नव्हती.

पुणतांब्याच्या अलीकडे, श्रीरामपूरच्या रस्त्याला लागून असलेल्या त्या वस्तीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो. त्या दिवशी सकाळी फादर मोटरसायकलवरून येत, देवळात रांग लागे, प्रत्येकाच्या कपाळावर राखेचा क्रूस उमटे आणि मग संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत वस्तीतली मोठी माणसं पाण्यावर राहत. चांगुणाबाईही रांगेत असे, अगदी पहिल्या पाचांत. निश्चयाला ती कधी कमी पडली नाही. घोटाळा व्हायचा तो नंतर.

एका वर्षी देवळातून घरी येताना वाटेत हरभऱ्याचं शेत लागलं. घाटे टंच भरले होते. तिचा हात आपसूक गेला आणि घरी पोहोचेपर्यंत ओच्यात नुसती टरफलं उरली. दुसऱ्या वर्षी कुणीतरी गुऱ्हाळावर बोलावलं. काकवी प्यायची असते, चावायची नसते, म्हणजे ती पाण्यातच धरायची, असं तिने स्वतःला समजावलं. आणि एका वर्षी तर ती पहाटे उठून, शिळी भाकरी आणि ठेचा खाऊन, तोंड पुसून देवळात गेली आणि राखेच्या रांगेत उभी असताना तिला उचकी लागली. तेव्हा कुठे आठवलं. त्या उचकीचं तिला इतकं हसू आलं की पुढच्या बाकावरच्या बायका मागे वळून बघायला लागल्या.

नवऱ्याला, शांतवनला, ती प्रत्येक वेळी खरं सांगून टाकायची. लपवणं तिला जमतच नसे. शांतवन कारखान्यात बॉयलरवर होता. दिवसभर आगीपुढे उभं राहून तो बोलायला थोडा कंजूष झाला होता. तो तिच्याकडे बघायचा, मिशीत हसायचा आणि म्हणायचा, "असू दे. तुझा बी मीच धरतो."

आणि खरंच धरायचा. संध्याकाळी सगळ्या वस्तीचा उपास सुटला तरी तो तसाच राही. आपल्या वाटचा दिवस झाला, आता चांगुणाच्या वाटची रात्र, असा त्याचा हिशेब. चांगुणाबाई चुलीपुढे बसून त्याच्या नाकासमोर भाकरी भाजायची, भाकरी टम्म फुगायची, आणि तो शेजारी बसून तिला जेवताना बघत हसायचा. हा हसतो कशाला, हे तिला कधी कळलं नव्हतं. उपाशी माणसाने थोडं तरी दुर्मुखलेलं असावं, असं तिचं मत होतं.

शहाण्णव सालच्या थंडीत मात्र हा हिशेब बसेना. शांतवन नाताळच्या आधी, दोन दिवसांच्या तापाने गेला होता.

चांगुणाबाईने रडून घेतलं आणि कामाला लागली. थंडीचे दिवस म्हणजे तिच्या कामाचे दिवस. घरामागच्या बोळात फक्रुद्दीन पिंजारी राहायचा. तो कापूस पिंजून गाद्या-लेप भरायचा आणि टाके घालायला लेप चांगुणाबाईकडे यायचे. फक्रुद्दीन शांतवनला दादा म्हणायचा, म्हणून चांगुणाबाई त्याची वहिनी, आणि त्याच नात्याने फक्रुद्दीनची बायको अख्तरी तिला जाऊबाई म्हणायची. दोघींची भांडणंही जावांसारखीच होत आणि तितक्याच लवकर मिटत. त्या हिवाळ्यात चांगुणाबाईच्या ओसरीवर लेपांची चळत लागली. टाके घालता घालता ती नेहमीसारखीच काहीबाही आठवून हसायची. फक्त हसून झालं की शेजारी बघायची, आणि तिथे कापसाची पुंजकी असायची.

उपवासकाळ जवळ आला तेव्हा एका सकाळी, भिंतीवरच्या शांतवनच्या फोटोवरची कापसाची तूस पुसताना, ती त्याला म्हणाली, "औंदा माझा मी धरते. तुमी आता आराम करा."

बोलून तर बसली. आता या वर्षी उपास मोडला तर तो धरायला मागे कुणी नव्हतं. तिला त्याची जरा भीती वाटली आणि मग स्वतःच्या भीतीचंच हसू आलं.

अडचण आली ती आकाशातून.

रमजानचा महिना संपत आला होता. फक्रुद्दीनच्या घरी रोजे चालू होते आणि चांगुणाबाई त्याला रोज चिडवायची.

"थंडीतले रोजे ते काय रोजे, फक्रुभाई? उठलं, दोन गाद्या भरल्या, की दिस बुडाला."

"मंग धरा की एक, वहिनी. तुमचा तर हरभऱ्याच्या बांधावरच सुटतो."

"बघशील औंदा."

"बघनार. सगळी वस्ती बघनार हाय."

मंगळवारी संध्याकाळी चंद्र दिसला तर बुधवारी ईद. आणि बुधवारीच राख. वस्तीत ही गोष्ट कुणाच्या फारशी ध्यानात आली नव्हती. चांगुणाबाईच्या मात्र आली. कारण ईदच्या दिवशी अख्तरीच्या घरच्या शिरखुर्म्याची पहिली वाटी चांगुणाबाईची असे. तिने ती खाल्ल्याशिवाय त्या घरात कुणी चमचा उचलत नसे.

याची सुरुवात झाली ती उझैरच्या जन्मापासून. तो अख्तरीचा थोरला. ईदच्या आदल्या रात्रीच तिला कळा सुरू झाल्या, सुईण सापडली नाही, आणि चांगुणाबाईनेच ते बाळंतपण केलं. सकाळी सगळे पुरुष नमाजाला निघालेले, बाळंतीण खाटेवर, आणि शिरखुर्मा करायला घरात दुसरं कुणी नाही. मग चांगुणाबाईने पदर खोचला. अख्तरी आतून ओरडून सांगायची, "शेवया तुपात परता, करपवू नका," आणि ही बाहेरून ओरडून विचारायची, "खारीक कदी घालू?" तिने जन्मात शिरखुर्मा केला नव्हता. जमलाय की नाही हे कळायला तिने वाटीभर चाखून पाहिला. कळलं नाही, म्हणून आणखी वाटीभर चाखला. पुरुष परत आले तेव्हा पातेलं बऱ्यापैकी खाली गेलं होतं. फक्रुद्दीनची आई त्या वेळी हयात होती, पण अंथरुणाला खिळलेली. ती हसत म्हणाली, हिच्या तोंडाने आपल्या घरात बरकत आली, आता दर ईदला पहिली वाटी हिची. म्हातारी गेली. रिवाज राहिला. उझैरला मिशा फुटल्या, गेल्या साली त्याचं लग्न झालं, शबनम सून म्हणून आली, तरी पहिली वाटी बोळातून ओसरीवर येतच होती.

म्हणून मंगळवारी संध्याकाळी चांगुणाबाई धाब्यावर चढली आणि मनातल्या मनात चंद्र न दिसण्यासाठी प्रार्थना करायला लागली. एका दिवसाचा तर प्रश्न होता. मावळतीला उसाच्या फडांपलीकडे कारखान्याचं धुराडं धूर सोडत होतं आणि थंडीमुळे तो धूर वर न जाता पसरून बसला होता. तो तसाच राहावा, एवढंच तिचं मागणं होतं. शेजारच्या धाब्यावर फक्रुद्दीनचं सगळं घर चंद्र दिसावा म्हणून उभं होतं. दोन्ही धाब्यांवरून देवाकडे उलट-सुलट अर्ज चालले होते.

"दिसतंय का काही?" फक्रुद्दीनने उझैरला विचारलं.

"धूरच धूर हाय, अब्बा."

चांगुणाबाईला बरं वाटलं. तिने सुटकेचा श्वास सोडला, सहज डावीकडे बघितलं, आणि तिला धुराच्या कडेला चंद्र दिसला. सुईच्या नेढ्यासारखा बारीक. आयुष्यभर सुईत दोरा ओवणारे डोळे ते. इतका नाजूक चंद्र तिने कधी पाहिला नव्हता.

"त्यो काय, त्यो," ती हात लांब करून म्हणाली. "बाभळीच्या शेंड्याच्या वर. अख्तरी, इकडं बघ, इकडं. कसला गोड हाय."

मग काय विचारता. सगळ्यांना दिसला. फक्रुद्दीनने उझैरला मिठी मारली, शबनमने सासूला सलाम करायला वाकता वाकता बांगड्या वाजवल्या, आणि अख्तरी धाब्यावरून ओरडून म्हणाली, "जाऊबाईनं चांद दावला. आता उद्या दोन वाट्या खायच्या बगा."

चांगुणाबाईचा हात अजून वरच होता. तो हळूहळू खाली आला.

उपास आहे म्हणून सांगावं, तर अख्तरीच्या चेहऱ्यावर एवढा आनंद. आणि ती वाटी नको म्हणणं म्हणजे त्या म्हाताऱ्या सासूलाच नको म्हटल्यासारखं. न सांगावं, तर वाटी दारात येणार, आणि वाटी समोर आली की आपला हात काय करतो, हे चांगुणाबाईइतकं कुणाला ठाऊक होतं? विचार करून करून तिने एकच मार्ग काढला. पळून जायचं. सकाळी देवळातून परस्पर एसटी धरायची आणि पुणतांब्याला बहिणीकडे, राहीबाईकडे जायचं. संध्याकाळी उपास सोडूनच परत.

बुधवारी पहाटे चांगलंच गार होतं. देवळात सगळे चादरी-मफलरीत गुरफटलेले. फादर एकेकाला आपण मातीचे आहोत याची आठवण करून देत राख लावत होते. चांगुणाबाईची पाळी आली. फादरांचा अंगठा बर्फासारखा गार होता आणि थोडी राख तिच्या नाकावर सांडली. तिला शिंक आली. शिंकेने फादरांच्या वाटीतली आणखी राख उडाली आणि बाजूच्या दोघा-तिघांच्या कपाळावर आयतीच बसली. चांगुणाबाईला हसू फुटलं. अशा वेळी शांतवन मागून कोपराने ढोसायचा. आज कुणी ढोसलं नाही, म्हणून ते हसू लवकर थांबेना. फादर खाली बघत म्हणाले, "चांगुणाबाई, पुढं सरका." त्यांचेही खांदे हलत होते.

बाहेर आल्यावर तिने पदर भुवयांपर्यंत ओढला, राख झाकली आणि घराकडे न जाता मागच्या पांदीने एसटीच्या थांब्याकडे निघाली. पोटात अजून काही वाटत नव्हतं. हरभऱ्याच्या शेताजवळून जाताना तिने दोन्ही हात पदरात बांधल्यासारखे धरले आणि जवळजवळ पळत पुढे गेली.

एक गोष्ट तिच्या हिशेबातून सुटली होती. ईदगाह थांब्याच्या पलीकडेच होता.

ती थांब्यावर पोहोचली आणि नमाज सुटली. पांढऱ्या कपड्यांचा लोंढाच रस्त्यावर आला. अत्तराचा वास तर त्यांच्याही आधी आला. त्यात फक्रुद्दीन, नवा कुडता, डोळ्यांत सुरमा, एकेकाला गळामिठी मारत येत होता. चांगुणाबाईने इकडे तिकडे बघितलं. उसाने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली रस्त्याकडेला उभी होती. ती झटकन तिच्या मागे गेली आणि उसाच्या मोळ्यांना पाठ लावून उभी राहिली. पायाचा आवाज नको म्हणून चपलाही हातात घेतल्या.

ड्रायव्हर चहा पिऊन आला, ट्रॅक्टर सुरू केला आणि ट्रॉली घेऊन निघून गेला.

भर रस्त्याकडेला, पाठ टेकायला काही नसताना, हातात चपला घेऊन चांगुणाबाई उभी होती. समोर फक्रुद्दीन होता.

"वहिनी," तो म्हणाला, "चपला कुनाला मारताय?"

"कुनाला न्हाई. पुणतांब्याला चाललेय."

"अनवानी?"

चांगुणाबाईने चपला खाली टाकल्या. त्या घालायला ती वाकली, पदर सरकला आणि कपाळावरची राख उघडी पडली. फक्रुद्दीनने ती बघितली. मग त्याने हळूच डोक्याला हात लावला.

"या अल्ला. आज तुमचा राखेचा बुधवार."

"व्हय."

"आनि तुमी औंदा खरंच धरलाय."

"व्हय. आत्तापतुर तरी."

"आनि चांद तुमीच दावला."

"ते नको काढू आता."

फक्रुद्दीनला हसू आवरेना, पण तो अडचणीतही पडला होता. "तिकडं अख्तरी सकाळपासून तुमच्या कडीला हात घालून बसलीय. घरात चमचा हलला न्हाई. मी आपला एक खजूर खाऊन नमाजला आलो. वहिनी, आज आमाला उपाशी ऱ्हायची मनाई हाय. ईदच्या दिवशी रोजा धरला तर गुना लागतो."

"आनि आज मी खाल्लं तर मला."

तेवढ्यात पुणतांब्याची एसटी आली, थांबली. कंडक्टरने दारातून विचारलं, "बाई, येताय का?" चांगुणाबाईने एसटीकडे बघितलं, फक्रुद्दीनकडे बघितलं आणि मान हलवली. घंटी वाजली, एसटी गेली. आपल्यापायी एक सबंध घर सणाच्या दिवशी ताटकळत बसलंय आणि आपण बहिणीच्या ओसरीवर जाऊन लपायचं, हे काही शांतवनला सांगण्यासारखं नव्हतं.

अख्तरी तिच्या ओसरीवर, लेपांच्या चळतीला टेकून, मांडीवर झाकलेली वाटी घेऊन बसली होती. मागे उझैर आणि शबनम. चांगुणाबाईची राख बघून अख्तरीने एकदम तोंडावर हात घेतला, मग तो काढला आणि रागावून म्हणाली, "मला सांगायचं न्हाई, जाऊबाई? एवढी परकी झाले मी? माझी सून काय म्हनंल, चांद बघून जाऊ पळाली म्हनून."

"कशी सांगू? तू लई खूश हुतीस."

"आनि आता लई नाखूश हाय. धरा वाटी. खाऊ नका, पन धरा. माझा हात अवघडला."

चांगुणाबाईने वाटी घेतली. झाकण काढलं. गरम दुधाची वाफ आली. तुपात परतलेल्या शेवया, चारोळी, दुधात फुगलेली खारीक. आता मात्र तिच्या पोटाला जाग आली. सकाळपासून गप्प बसलेली भूक एकदम उठून बसली. आणि मग जे दर वर्षी व्हायचं तेच झालं. तिचा हात आपसूक चमच्याकडे गेला. चमचा भरला. चमचा वर आला. अख्तरी बघत होती, फक्रुद्दीन बघत होता. बोळाच्या तोंडाशी ख्रिस्ती आळीतल्या दोन-तीन बायकाही राख लावून उभ्या होत्या, आणि आता संपलं असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. चमचा हनुवटीपर्यंत पोहोचला.

तिथे तो थांबला. चांगुणाबाईने उझैरकडे बघितलं.

"तोंड उघड," ती म्हणाली.

"मी?"

"तूच. तुझ्यापायी तर ही भानगड सुरू झाली."

मिशावाल्या उझैरने निमूट तोंड उघडलं आणि तिने चमचा त्याच्या तोंडात घातला. त्याचे डोळे मिटले. जन्माला आल्यावर असेच मिटले होते. चांगुणाबाईने दुसरा चमचा भरला आणि फक्रुद्दीनपुढे धरला. त्याने नव्या कुडत्यावर सांडू नये म्हणून मान पुढे काढली, थेट बदकासारखी. मग शबनम, लाजत. मग अख्तरी. तिने आधी रुसून तोंड फिरवलं आणि मग चमचा दूर जातोय असं दिसताच घाईने परत वळवलं. चिमण्यांच्या पिलांसारखी ती सगळी चोच वासून पाळीपाळीने पुढे येत होती आणि चांगुणाबाई भरवत होती. तिच्या पोटात वणवा पेटला होता आणि तरी तिला कधी नव्हे इतका आनंद होत होता. शेवया त्यांच्या तोंडात जात होत्या आणि गोडी हिच्या जिभेवर उतरत होती.

तेव्हा तिला शांतवनचं ते मिशीतलं हसू कळलं. भाकरी फुगायची, ती जेवायची, आणि तो उपाशी बसून हसायचा. इतकी वर्षं तिला वाटायचं, तो सोसतोय. आपला नवरा मोठा सोशिक, असं ती चारचौघींत सांगायचीही. लबाड माणूस. तो मजेत होता.

ती खदखदून हसायला लागली. वाटी अख्तरीच्या हातात देऊन पोट धरून हसली. का हसतेय हे कुणाला कळलं नाही, पण अख्तरी हसली, मग शबनम, मग बोळाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या राखवाल्या बायकाही.

दिवस पुढे गेला. चांगुणाबाईने ओसरीवर बसून मोसमातला शेवटचा लेप टाचायला घेतला. वस्तीतलं कुणी ना कुणी काहीतरी निमित्त काढून येई, तिच्याकडे निरखून बघे आणि विचारी, "टिकलाय का?" "टिकलाय," ती सांगे. दुपार झाली. तिच्या उपवासाने पहिल्यांदाच दुपार पाहिली. दुपार तिला फार लांबलचक वाटली आणि त्यामानाने तिच्यात काही विशेष नव्हतं. ऊन कलल्यावर डोकं हलकं झालं, टाके थोडे वाकडे पडायला लागले, आणि तिने ते उसवले नाहीत. ज्याला तो लेप मिळेल त्याला तेवढीच आठवण.

देवळातली संध्याकाळची प्रार्थना आटोपून ती घरी आली तेव्हा तिच्या ओसरीवर सतरंजी अंथरलेली होती. फक्रुद्दीनचं सगळं घर बसलेलं. मध्ये पाण्याचा तांब्या, खजुराची बशी आणि झाकलेली नवी वाटी.

"हे काय?" तिने विचारलं.

"रोजा सोडायला एकट्यानं बसायचं नसतं," फक्रुद्दीन म्हणाला. "महिनाभर सोडला आमी. आमाला सवय हाय. बसा."

मशिदीतून अजान झाली. चांगुणाबाईने क्रूस केला, डोळे मिटून दोन शब्द मनात म्हटले आणि अख्तरीने पुढे केलेला खजूर तोंडात घातला. खजुराची बी तिने बराच वेळ चघळली. टाकवेना.

मग वाटी आली. तिने हात पुढे केला आणि मध्येच थांबवला.

"आता काय?" अख्तरी घाबरून म्हणाली.

"त्ये रात्रभर बी धरायचे. माझ्या वाटचा. मला वाटतं, त्यांच्यासाटी मी बी आज रात्र..."

"जाऊबाई," अख्तरीने वाटी तिच्या हातात जवळजवळ कोंबली, "दादा रात्र धरायचे ते तुमी जेवावं म्हनून. तुमी न्हाई खाल्लं तर त्यांचे सगळे उपास वाया जातील. खा गुमान."

चांगुणाबाईने विचार केला. त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. तिने वाटी तोंडाला लावली, ती चाटूनपुसून रिकामी केली, पदराने मिशी नसलेला ओठ पुसला आणि वाटी पुन्हा पुढे केली.

"आनि एक."

"दोन कशाला?" फक्रुद्दीन म्हणाला. "कालचं अख्तरीनं म्हटलेलं धरून बसलात व्हय?"

"ही त्यांच्या वाटची," भिंतीवरच्या फोटोकडे बघत चांगुणाबाई म्हणाली. "इतकी वर्सं त्यांनी माझा उपास धरला. आता त्यांची वाटी मी धरते."